प्रभाताईंचा कान

प्रभाताईंच्या शोकसभेत एकच वाक्य तीन-चार वक्त्यांनी आपापल्या शब्दांत म्हटलं. "त्यांचा कान कधी चुकला नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा उठलो आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. समोर एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर त्यांचा फ्लेक्स लावला होता. फोटोत त्या तंबोरा घेऊन बसल्या होत्या. मुलगी गेल्यापासून त्यांनी तंबोऱ्याची गवसणी उघडली नव्हती. हा फोटो कुणी कुठून पैदा केला, देव जाणे. श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावं त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होती.

मी भांडखोर माणूस नाही. माझं आयुष्य इथे पनवेलच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं, आणि तिथे आवाज चढवायची सवय लागत नाही. पण त्या संध्याकाळचा राग अजून उतरलेला नाही. कारण जे वाक्य ही मंडळी हार घालावा तसं प्रभाताईंच्या गळ्यात घालत होती, तेच वाक्य खोडून काढण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची दोन वर्षं घालवली होती. सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. बाकीच्यांनी विचारलं नव्हतं.

म्हणून हे लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण घाईत लिहिलं तर नुसत्या शिव्या होतील.

*

प्रभाताई पहिल्यांदा वाचनालयात आल्या त्या पुस्तक मागायला नाही, माणूस मागायला.

"तुमच्याकडे मोठ्याने वाचून दाखवणारं कुणी आहे का? रडत न वाचणारं."

त्यांच्या हातात पहिल्या कादंबरीचे कागद होते. मुक्ताला जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मुक्ता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, कामोठ्याला क्लासमध्ये गणित शिकवायची. उरणच्या रस्त्यावर एका मोरीपाशी ट्रेलरखाली गेली. हे पनवेलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी काही विचारलं नाही. म्हटलं, मी वाचतो.

त्यांची पद्धत अशी. मागच्या खोलीत, मासिकांचे गठ्ठे असतात तिथे, त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसायच्या. डावा पंजा गुडघ्यावर. मी वाचायचो. पंजा हलकेच वरखाली होत असायचा. तो थांबला की मी थांबायचं. मग त्या म्हणायच्या, "इथे श्वास खोटा आहे." काय चुकलंय ते सांगायच्या नाहीत, त्यांना ते सांगताही येत नसावं. घरी जाऊन ते वाक्य मोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवं घेऊन यायच्या.

"स्वतः का वाचत नाही?" मी एकदा विचारलं.

"डोळ्यांनी वाचलं की मी माझ्याच बाजूने वाचते. आणि तू बरा वाचतोस. तुझ्या आवाजात काही नसतं."

ही स्तुती होती हे कळायला मला थोडा वेळ लागला.

त्या गायिका होत्या. मोठ्या नव्हे, असं त्याच सांगायच्या. शाळेत असल्यापासून गुरुजींकडे शिकल्या, आकाशवाणीवर गायल्या, चार मुलींना शिकवलं. मुक्ता गेली त्या दिवसापासून गाणं बंद केलं. लोकांना हे समजायचं नाही. दुःखात गाण्याचा आधार असतो अशी आपल्याकडे समजूत आहे. शेजारपाजारचं कुणी तसं म्हटलंच तर प्रभाताई चवताळायच्या.

"गाणं खोटं बोलतं. किती का भटका, समेवर आलं की बरं वाटतं. मला बरं वाटून घ्यायचं नाहीये."

म्हणून त्या कादंबऱ्या लिहायला लागल्या. पहिलीत एक बाई आहे, घरातलं माणूस गेल्यावर तिला घराचे आवाज ओळखू येईनासे होतात. दाराची कडी, कुकर, नळ, सगळं परक्या घरातलं वाटतं. दुसरीत दोन बहिणी आहेत. एकाच दुपारची आठवण एकीला दिसते, दुसरीला ऐकू येते, आणि दोघींचं पटत नाही. दोन्ही पुस्तकांत अपघात नाही. फक्त एक फोन आहे, तो चालू असतो आणि मग नसतो. टीकाकारांनी त्यांना 'संगीतमय' म्हटलं. प्रभाताईंनी ते कात्रण मला दाखवलं, चुरगाळलं आणि माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकलं.

दुसऱ्या कादंबरीनंतर एका नामवंत समीक्षकांनी त्यांना वाचनालयातच विचारलं, "बाई, किती दिवस त्याच विषयावर लिहिणार?"

"सात वर्षं मी नुसता भूप गायले. पाच सूर. तेव्हा मला कुणी विचारलं नाही."

*

त्यांच्या रागाचे किस्से पनवेलमध्ये चवीने सांगितले जातात. ते सांगणाऱ्यांचाही मला राग येतो, पण एकदोन सांगतो, कारण त्यांशिवाय त्या उभ्या राहायच्या नाहीत.

मुक्ताच्या वर्षश्राद्धाला गल्लीतल्या एक बाई आल्या होत्या. जाता जाता प्रभाताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मुक्ता आता देवापुढे गात असेल हो."

"तिला गाता यायचं नाही," प्रभाताई म्हणाल्या. "ठार बेसूर होती. गात असेल तर देवाचे हाल आहेत."

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. प्रभाताईंचे यजमान दत्ताकाका मात्र स्वयंपाकघरात जाऊन हसले. मुक्ता गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

प्रभाताई नवऱ्याला 'दत्ता' म्हणायच्या. त्या पिढीत, त्या गल्लीत, हे चालण्यासारखं नव्हतं. दत्ताकाका विमा कचेरीतून निवृत्त झालेले, मऊ स्वभावाचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारे. त्यांना गाण्यातलं काही कळत नसे. बायकोला कळतं, एवढं त्यांना पुरायचं.

दुसरा किस्सा एका सत्काराचा. अध्यक्ष गावातले मोठे बिल्डर. सूत्रसंचालक म्हणाला, ताईंनी भाषणाआधी दोन ओळी गाऊन दाखवाव्यात अशी अध्यक्षसाहेबांची इच्छा आहे. प्रभाताई माइकपाशी गेल्या.

"गाते. त्याआधी साहेबांनी दोन विटा रचून दाखवाव्यात."

सभागृह हसलं. बिल्डरही हसले, म्हणाले, "ताई, विटा आता आमी नाय रचत, आमची मानसं रचतान." त्यावर ताईही हसल्या. गायल्या मात्र नाहीत. त्या दिवशी त्यांनी रियाजाबद्दल सांगितलं, आणि ते सगळ्यांना इतकं आवडलं की पुढे दरवेळी त्यांना तेच सांगायला लावायचे.

त्यांचं घर जुन्या हायवेवर, दुसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन आल्या तेव्हापासून खाली ट्रक. पहाटे रियाजाला बसलं की सुराला सूर लागायच्या आत हॉर्न. त्या रडत गुरुजींकडे गेल्या. गुरुजी म्हणाले, हायवे काही हलायचा नाही, तूच त्याला कानातून बाहेर काढ. मग त्या मुद्दाम खिडकी उघडी ठेवून गायला बसायला लागल्या. पहिलं वर्ष त्रासाचं गेलं. मग हॉर्न लांब गेले. मग एके दिवशी लक्षात आलं, की खिडकी उघडी आहे आणि फक्त तंबोरा ऐकू येतोय.

लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी कितीतरी वेळा ऐकली आणि तिचा अर्थ एकाच्याही डोक्यात आला नाही.

*

आता कोर्टाचं सांगायला हवं.

मुक्ता गेली तेव्हा ती आईशी फोनवर बोलत होती. फोन आईनेच केला होता, येताना लिंबं आण म्हणून. मुक्ता म्हणाली, "थांब गं, रस्ता ओलांडतेय." आईने फोन ठेवला नाही. पुढचं सगळं तिने ऐकलं.

ट्रेलरचा ड्रायव्हर नामदेव, चिरनेरचा. त्याचं म्हणणं एकच होतं : मी मोरीवर हॉर्न वाजवला होता, मुलगी फोनवर होती, तिचं लक्ष नव्हतं. गावातही हळूहळू तेच बोललं जायला लागलं. "आईचाच फोन होता म्हणे." कुणी प्रभाताईंच्या तोंडावर म्हटलं नाही. बाजारात त्या जवळ आल्या की बोलणं थांबायचं, आणि बोलणं का थांबलं हे न कळण्याइतका त्यांचा कान मंद नव्हता.

साक्षीला त्या पांढरी साडी नेसून गेल्या नाहीत, नेहमीची निळी नेसल्या. म्हणाल्या, "हॉर्न वाजला नाही."

आरोपीच्या वकिलाने विचारलं, "बाई, तुम्ही मुलीचं बोलणं ऐकत होता की रस्ता?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं ऐकता येईल?"

"मला आयुष्यभर तेवढंच शिकवलंय. हॉर्न वाजला असता तर मी तुम्हाला त्याची पट्टी सांगितली असती."

वकील हसला. कोर्टात बसलेलेही हसले. प्रभाताईंनी वर पाहिलं. "हा पंखा काळी दोनच्या जरा खाली घुमतोय. बेअरिंगला तेल घाला, बंद पडेल." त्यावर पुन्हा हशा झाला, पण तो वेगळा हशा होता. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही. नामदेवला शिक्षा झाली. आत जाऊन आला. लायसन्स गेलं. निकालात प्रभाताईंच्या साक्षीचा उल्लेख होता, आणि दत्ताकाका तो भाग पाठ म्हणून दाखवायचे.

हॉर्न वाजला नव्हता. त्या घराचं सगळं छप्पर या एका वाक्यावर होतं. हॉर्न वाजला नव्हता, म्हणजे मुलीला ऐकायला काही नव्हतंच. म्हणजे फोनचा दोष नाही. म्हणजे फोन करणारीचा दोष नाही. दत्ताकाका हे असं टप्प्याटप्प्याने कधी बोलले नाहीत, पण ते त्याच्याखालीच राहत होते.

*

तिसऱ्या कादंबरीच्या वेळी वाचनालयाचं रंगकाम काढलं होतं. म्हणून मी ताईंच्या घरी जाऊन वाचायला लागलो. दुपारची वेळ, त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, मी खिडकीपाशी.

पहिल्याच पानावर मी थांबलो.

"का थांबलास? माझा हात चालू आहे."

"हॉर्न वाजत होता ना. तो संपू दे म्हटलं."

"कुठला हॉर्न?"

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत. तो ट्रेलरचा हॉर्न होता, लांबलचक, खिडकीच्या काचा हलवणारा. मी पुन्हा वाचायला लागलो. थोड्या वेळाने पुन्हा थांबलो. या वेळी त्यांनी डोळे उघडले होते.

"आता का?"

"पुन्हा वाजला, ताई."

त्या म्हणाल्या, "तू वाचत राहा. हॉर्न वाजला की वाचता वाचता नुसतं बोट वर कर. थांबू नकोस." आणि पहिल्यांदाच त्या डोळे उघडे ठेवून बसल्या, माझ्या हाताकडे बघत.

मी वाचत होतो, बोट वर जात होतं. काय वाचलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांचा गुडघ्यावरचा पंजा बंद पडला होता. पान संपायच्या आत त्या म्हणाल्या, "पुरे."

चहा आणायला त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी उठून पाहिलं तर त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, पातेल्यात चहा आटत होता. मी गॅस बंद केला.

"तेव्हाही मी इथेच उभी होते," त्या म्हणाल्या. "फोन या कानाला. खिडकी उघडी. खाली हॉर्न असणारच होते ना रे? दिवसभर असतात. पण त्या फोनच्या वेळचे मला माझ्या खिडकीतलेही हॉर्न आठवत नाहीत. एकही नाही. मी कोर्टात सांगितलं, सगळं ऐकलं म्हणून. मी सगळं ऐकलं नव्हतं. मला जे ऐकायला शिकवलं तेवढंच ऐकलं होतं."

"त्याचा अर्थ तिकडे वाजलाच असा होत नाही, ताई."

"नाही होत. पण वाजला नाही असं म्हणायचा अधिकार मला उरत नाही."

त्यांचा राग मी इतकी वर्षं बाहेर जाताना पाहिला होता. त्या दिवशी तो आत वळताना पाहिला.

मग त्या एका वकिलाकडे गेल्या. वकील म्हणाला, प्रकरण मिटलंय, तो शिक्षा भोगून मोकळा झालाय, आता लेखी देऊन तुम्ही फक्त स्वतःला अडकवाल. त्या म्हणाल्या, अडकवा. तो म्हणाला, घरी जा आणि आराम करा. ऑफिसमधून बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "चिरनेरची एसटी कुठून सुटते?"

*

नामदेव गावाच्या नाक्यावर मोटारसायकलींची पंक्चरं काढायचा. आम्ही गेलो तेव्हा तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. पिकलेले केस, जाड मनगटं. बायको बाजूला भाजी निवडत बसली होती.

"मी मुक्ताची आई," ताई म्हणाल्या.

"वलखलं," तो म्हणाला. हात पुसून त्याने स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"मी कोर्टात सांगितलं, हॉर्न वाजला नाही. मला आता तशी खात्री नाही. वाजला असेल आणि मला ऐकू आला नसेल. हे तुम्हाला सांगायला आले."

नामदेव काही बोलायच्या आत त्याची बायको उठली.

"आता? लायसन गेला, मानूस आत जाऊन आला, पोरीचं जमलेलं लगीन मोरलं, आनि आता तुमाला खात्री नाय?"

"नाही."

"मंग कोर्टात जाऊन सांगा. आमाला कशाला सांगतंव? आमाला ठावंच हाय ना."

"कोर्टात कुणी ऐकत नाही."

"आमचाबी कोन ऐकत नव्हता, बाय."

तिने आत जाऊन दोन तांबे भरून आणले आणि आमच्यासमोर आपटल्यासारखे ठेवले. "पानी प्या आनि जा." ताईंनी तांब्या उचलला आणि पाणी प्यायल्या. मीही प्यायलो.

नामदेव अजून ट्यूब हातात धरून उभा होता. म्हणाला, "रागावू नका तिच्यावर. पन एक सांगू? मी वाजवला का नाय, माजं मलाच आता नक्की नाय."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"वकील बोलला, वाजवला म्हन. मी म्हनलो, वाजवला. मंग सगल्यांना तेच सांगत गेलो. मोरीवर वाजवतूच ना आमी, सगलेच वाजवतान. पन त्या दिवशी वाजवला का, आता देवाला ठावं. रोज सांगून सांगून खरं काय ते पुसून गेलं."

"पुसून कसं जाईल?" ताईंचा आवाज चढला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. "हॉर्न तुमच्या हातात होता."

"आनि तुमच्या कानात व्हता," नामदेव म्हणाला.

तो रागाने बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं.  ताई वळून स्टॉपकडे चालू लागल्या. मी त्यांच्यामागे.  बसमध्ये बसल्यावर त्या माझ्यावर डाफरल्या, "तू मध्ये एक शब्द तरी बोलायचास."

"काय बोलणार होतो, ताई?"

"काहीही. तुझ्या आवाजात काही नसतं. चाललं असतं."

मग कळंबुसऱ्याच्या पुढे कुठेतरी, खिडकीबाहेर बघत, त्या म्हणाल्या, "लोक तिला आठवण म्हणतात. ती तालीम असते रे. रोज म्हटलं की रोज कणभर सरकतं, आणि आपल्याला वाटतं, पाठ झालंय. त्याचं तेच झालं. माझंही."

*

तिसरी कादंबरी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. तीत पहिल्यांदा अपघात आला. त्या प्रकरणात बाई फोन कानाला लावून उभी आहे आणि एक हॉर्न वाजतो, किंवा वाजत नाही. तिला ठाऊक नाही, आणि लेखिका तिला सांगत नाही. पुढे साधं, सरळ वाक्य येतं : मुलीने हॉर्न ऐकला नसेल तर ती माझं ऐकत होती म्हणून.

हे दत्ताकाकांना कळलं ते मी वाचत असताना. ते दारात येऊन उभे राहिलेले मला दिसले नाहीत.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"कादंबरी," ताई म्हणाल्या.

"वाजला नव्हता. तू सांगितलंस. शपथेवर सांगितलंस. मी लोकांना तोंड दिलंय त्यावर."

"मला ठाऊक नाही, दत्ता."

"ठाऊक नाही म्हणजे? मग तिने का नाही ऐकला? सांग ना. कान चांगले होते तिचे. का नाही ऐकला?"

उत्तर माझ्या हातातल्या पानावर होतं, आणि त्यांनी ते नुकतंच ऐकलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "मी लिंबांचं सांगत होते म्हणून."

दत्ताकाकांनी खिशातली पेनं काढली आणि टेबलावर ठेवली, पुन्हा खिशाला लावली. "हे छापलंस तर तू तिला दुसऱ्यांदा मारलीस," ते म्हणाले, आणि चपला घालून खाली उतरले. नंतरचे काही महिने ते बायकोशी कामापुरतं बोलायचे. भाजी काय आणू, औषध घेतलंस का. त्याच सुमाराला ताईंचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, ताण नको. त्या डॉक्टरांवरही ओरडल्या.

मला प्रभाताईंचाही राग येतो, हे लिहून टाकतो. निदान दत्ताकाकांसाठी त्या ते एक वाक्य तसंच राहू देऊ शकल्या असत्या. कोण विचारणार होतं? गाव तर त्यांच्या कानाची आरती करायला तयार बसलं होतं. मी एकदा धीर करून तसं बोललोही.

"घरासाठी एक खरं आणि पुस्तकासाठी एक, असं मला जमत नाही," त्या म्हणाल्या. "आणि दत्ता लहान नाही. तो ज्याच्यावर उभा आहे ते पोकळ आहे हे मला माहीत असताना मी त्याला तसाच उभा ठेवू?"

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण सभेत ते वाक्य म्हणणाऱ्यांना काय कळणार, की चुकला असेल असं म्हणायला त्या बाईला काय काय सोडावं लागलं. पुस्तक आता छापून होत आलं आहे. ते प्रकरण त्यात आहे, एक शब्द न बदलता. ज्यांना भाषणं करायची होती त्यांनी आधी ते वाचावं.

*

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. छापखान्यातून तपासायला आलेली शेवटची मुद्रितं घेऊन गेलो होतो. दार लोटलेलंच होतं. आतून वाचण्याचा आवाज येत होता, म्हणून मी उंबऱ्यातच थांबलो.

प्रभाताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. समोर खुर्चीत दत्ताकाका, हातात आधीची मुद्रितं. ते वाचत होते. वाचण्याची सवय नसलेला माणूस वाचतो तसं, स्वल्पविरामांना अडखळत, आणि रागाने. शब्द ताटात आदळावेत तसे पडत होते. बाई फोन कानाला लावून उभी आहे, तिथपर्यंत ते आले होते.

"रागाने वाच," ताई डोळे न उघडता म्हणाल्या. "पण शब्द गिळू नकोस."

"मी गिळत नाहीये."

"'मुलीने' गिळलास."

त्यांनी ते वाक्य पुन्हा सुरू केलं. मुलीने हॉर्न ऐकला नसेल तर. तिथे थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"पुढे," ताई म्हणाल्या.

"पुढचं नाही वाचवत मला."

"मग मागचं वाच."

मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, कागद डोळ्यांसमोर धरला आणि तीच अर्धी ओळ पुन्हा वाचली, मग पुन्हा. ताईंचा पंजा गोधडीवर त्यांच्याबरोबर चालत होता. मी मुद्रितं उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवली आणि चपला हातात घेऊन निघालो. जिना उतरेपर्यंत दत्ताकाकांचा आवाज मागून येत होता, चढलेला, चिडलेला, अजून त्याच ओळीवर.